अजिंठ्यातले तीन पिवळे

रॉबर्ट गिल म्हटले की मराठी वाचकाला आधी पारू आठवते, ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घ कवितेने ती सोय करून ठेवली आहे. इथे मात्र गिल हवा आहे तो नकलाकार आणि छायाचित्रकार म्हणून. १८४४ मध्ये मद्रासच्या फौजेतला हा अधिकारी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगात नकला करायच्या कामावर आला आणि जवळपास वीस वर्षे त्यातच राहिला. लंडनला गेलेल्या त्याच्या बहुतेक नकला डिसेंबर १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या.

गिलने पुढे कॅमेराही हाती घेतला. जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याची लेण्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. मग त्याने चित्रांचेच फोटो का काढले नाहीत, असा प्रश्न पडतो. उत्तर रसायनात आहे. त्या काळच्या कोलोडियन काचेला निळा प्रकाश कळे, तांबडा-पिवळा जवळजवळ कळतच नसे. अजिंठ्याची भिंत तर गेरू आणि पिवळ्या मातीने भरलेली. अशा काचेवर गेरू काळा पडणार आणि पहिल्या-दुसऱ्या लेण्यातला लाजवर्दीचा निळा पांढुरका दिसणार. त्यात गुहेतला अंधार. म्हणजे कॅमेरा हाताशी असूनही रंगांसाठी कुंचलाच हवा होता.

गिलनंतर जॉन ग्रिफिथ्स. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे विद्यार्थी घेऊन त्याने पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ च्या लंडनमधल्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्सचे दोन खंड मोलाचे आहेत, यात शंका नाही. पण रंग उठून दिसावेत म्हणून भिंतीवर वॉर्निश फिरवले गेले, त्याचे काय? पुढे निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी, लोरेन्झो चेक्कोनी आणि त्याच्या साहाय्यकाने, १९२० ते १९२२ च्या दरम्यान सुटू लागलेला गिलावा धरून ठेवला; तो उपकार खरा, पण त्या कामात लाखही वापरली गेली. वॉर्निश आणि लाख, दोन्ही कालांतराने पिवळी पडतात. ते थर काढायचे काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना करावे लागले.

म्हणजे आज आपण भिंतीसमोर उभे राहतो तेव्हा तीन पिवळे एकावर एक असतात : चित्रकाराने लावलेली पिवळी माती, तिच्यावरचा जुन्या वॉर्निशचा थर आणि दिव्याचा उजेड. इथे फ्लॅश चालत नाही. तो चालूही नये.

या तीन पिवळ्यांपुढे कॅमेरा काय करतो, ते पाहण्यासारखे आहे. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच गाळणी असते. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चे. प्रत्येक ठिपक्याला एकाच रंगाचे मोजमाप ठाऊक असते. हे मोजमाप बहुधा १२ किंवा १४ बिटांचे, म्हणजे ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्यांचे. तेच साठवले की झाली रॉ फाइल. ती चित्र नव्हे, चित्राचा हिशेब आहे. जेपेग हवा असेल तर कॅमेरा उरलेले रंग शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतो, उजेडाचा रंग ठरवतो, कडा उठावदार करतो, पायऱ्या २५६ वर आणतो आणि डोळ्याला फारसे जाणवणार नाही असे बारकावे टाकून देतो. यातला 'उजेडाचा रंग ठरवणे' हा भाग अजिंठ्यात घात करतो. स्वयंचलित व्हाइट बॅलन्सला सगळीकडे पिवळे दिसले की तो दिव्याचा दोष समजून निळा वाढवतो. दिव्याबरोबर गेरूही फिका पडतो. हा निर्णय फाइलमध्ये मुरलेला असतो. नंतर मागे फिरायचे म्हटले तर २५६ पायऱ्यांत फार जागा उरत नाही.

लग्नाच्या फोटोला किंवा बातमीला जेपेग उत्तम. तिथे रॉचा हट्ट म्हणजे निव्वळ हौस. भिंतीची नोंद ठेवायची असेल तर मात्र रॉच हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. पण नुसती रॉ घेऊन भागत नाही. ज्या दिव्यात फोटो काढला, त्याच दिव्यात ठरलेल्या रंगांच्या तक्त्याचाही एक फोटो हवा. त्याच्या आधाराने दिव्याचा पिवळा वजा करता येतो. वॉर्निशचा पिवळा तरीही उरतोच. तो सोडवणे रसायनतज्ज्ञाचे काम. तक्ता नसेल तर रॉ 'धुणारा' आपल्या आवडीचा अजिंठा तयार करणार, आणि तोही ग्रिफिथ्सचाच वारस म्हणायचा. फरक इतकाच की त्याचे वॉर्निश पुसता येते, कारण खालची नोंद शाबूत असते.

गुलाम याझदानींचे हैदराबाद संस्थानचे खंड १९३० ते १९५५ दरम्यान निघाले. त्यांतली चित्रे नकलांवरून नाही, छायाचित्रांवरून केलेली. १९९१ पासून बिनॉय बहल यांनी गुहेतल्या अत्यंत मंद उजेडात, फिल्मवर, दीर्घ वेळ देऊन काढलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेतच. दोन्हींकडे भरवशाने पाहता येते. पण याझदानींच्या खंडात आपल्यापर्यंत पोहोचते ती कागदावरची शाई, आणि भिंतीवरचा रंग किती उतरला हे त्या शाईवरून ठरवायला मी धजणार नाही. तुलना करायची तर मोजमापाशी मोजमाप लावावे लागते.

रॉची एक अडचण राहते. प्रत्येक कंपनीची फाइल निराळी. कंपनी बंद पडली तर ती उघडणार कोण? २००४ मध्ये अडोबीने डीएनजी हे खुले रूप आणले, पण सगळ्यांनी ते घेतले नाही. १९९२ मध्ये प्रमाण ठरलेला जेपेग मात्र कुठल्याही यंत्रावर उघडतो. म्हणून दोन्ही ठेवावेत : रॉ मोजमापासाठी, आणि शेजारी तक्त्याचा फोटो, तारीख, दिव्याचा प्रकार व लेण्याचा क्रमांक लिहिलेला जेपेग, म्हणजे पुढे रॉ उघडली नाही तरी कोणती भिंत कधी टिपली होती एवढे तरी कळेल.