खाऱ्या पाण्याची राखण

ठाण्याहून पनवेलकडे रेल्वेने जाताना, किंवा नेरूळ-सीवूड्सच्या बाजूला खाडीकाठी उभे राहिल्यावर, तुम्ही एक देखावा पाहिला असेल. एकीकडे वीस-वीस मजल्यांच्या इमारती, आणि त्यांच्या पायथ्याशी उथळ पाण्यात गुलाबी रंगाचे हजारो पक्षी. हे रोहित पक्षी. कोणी त्यांना अग्निपंखही म्हणतात. पाहणारा सहज म्हणतो, 'निसर्गाची काय किमया आहे!' किमया खरीच. पण ती एकट्या निसर्गाची नव्हे. हे पक्षी ज्या पाण्यात उभे आहेत, त्यातले बरेचसे पाणी माणसाने अडवलेले आहे. त्याला बांध आहे आणि समुद्राकडून पाणी येण्याजाण्याची एक वाट आहे. त्या वाटेचा इतिहास आज तुम्हांला सांगायचा आहे. इतिहास म्हटला की आपल्याला गड आणि लढाया आठवतात. पण बांधालाही इतिहास असतो, आणि तो आपल्या ताटातल्या भाताशी आणि मिठाशी जोडलेला असतो.

कोकणच्या उत्तर किनाऱ्यावर भरतीचे पाणी खाड्यांतून मैलोगणती आत शिरते. या पाण्याखालची जमीन आपल्या पूर्वजांनी बांध घालून मिळवली. जुन्या कुलाबा जिल्ह्यात अशा जमिनींना 'शिलोत्री खार' म्हणत. आंग्र्यांच्या अमदानीत, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, असे पुष्कळ बांध घातले गेले. ज्यांनी बांध घातले त्यांच्याकडेच त्यांच्या दुरुस्तीची जबाबदारी असे, आणि त्यासाठी शेतकरी धान्याच्या रूपाने वाटा देत. बांधाला जागोजाग उघाडी ठेवलेली असे. उघाडी म्हणजे पाणी सोडण्याचे दार. ओहोटीला ती उघडली की पावसाचे पाणी खाडीत जाई; भरतीला ती मिटली की खारे पाणी बाहेर राही. भाताला खारे पाणी नको, म्हणून हा बंदोबस्त.

मिठागराला मात्र खारे पाणी हवे, पण तेही आपल्या सोयीने. उरण, पनवेल, पेण या भागांतल्या आगरी समाजाचे नावच 'आगर' या शब्दाशी जोडले जाते. मिठाचा व्यापार किती मोलाचा होता, हे शिवाजी महाराजांच्या कारभारावरून दिसते. पोर्तुगीजांच्या बारदेशातले स्वस्त मीठ आले तर स्वराज्यातली मिठागरे बसतील, म्हणून १६७१ साली त्यांनी कुडाळच्या सुभेदाराला त्या मिठावर जबर जकात बसवायला लिहिले होते.

आता मीठ पिकते कसे ते पाहू. 'समुद्राचे पाणी आटवले की मीठ' असे आपण शाळेत शिकतो. ते खरे, पण अपुरे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि ते सगळे खायचे मीठ नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी मोठ्या तळ्यात घ्यायचे. तिथून ते एकामागून एक उथळ वाफ्यांत फिरवायचे. पाण्याची घनता बोमे नावाच्या मापाने मोजतात. समुद्राचे पाणी तीन-साडेतीन अंशांचे असते. ते आटत जाताना आधी चुन्याचे क्षार खाली बसतात, तेरा अंशांच्या सुमारास जिप्सम बसू लागते, आणि पंचवीस अंशांच्या आसपास खरे मीठ धरू लागते. तीस अंशांपर्यंत उरलेले पाणी सोडून द्यावे लागते. नाहीतर मॅग्नेशियमचे क्षार मिठात उतरतात आणि मीठ कडवट होते. म्हणजे आगरात काम करणाऱ्याला पाण्याकडे रोज डोळ्यांत तेल घालून पाहावे लागे. पाण्याचा रंग बदलला का, वाफ्यावर साय धरली का, वारा कुठला आहे, हे सारे त्याला वाचता येई. आज प्रयोगशाळेत ज्याला पाण्याचे रसायन म्हणतात, ते या माणसाने पुस्तकाशिवाय आत्मसात केले होते.

आणि हे पाणी वर्षभर एकसारखे नसते. पावसाळ्यात आगर गोड्या पाण्याखाली जाते. खारटपणा एकदम उतरतो. भरतीबरोबर आलेली बोईटाची पिले, कोलंबी, चिंबोऱ्या तिथे वाढतात. दसरा-दिवाळीनंतर पाणी काढून बांध दुरुस्त करायचे, वाफ्यांचा तळ तुडवून घट्ट करायचा. हिवाळ्यात उत्तरेकडून बदके आणि चिखलात चोच खुपसणारे लहानमोठे पक्षी येतात. उन्हाळ्यात अतिखारट वाफ्यांत मासा टिकत नाही. पण त्या पाण्यात एक सूक्ष्म शेवाळ वाढते आणि पाणी लालसर दिसते. ज्या तळ्यांत खारटपणा मध्यम असतो, तिथे किडे, झिंगे आणि निळे-हिरवे शेवाळ यांची रेलचेल. रोहित पक्षी जन्मतः गुलाबी नसतो, हे तुम्हांला ठाऊक आहे का? त्याचे पिलू राखट असते. अन्नातल्या रंगद्रव्याने त्याला पुढे गुलाबी रंग येतो. म्हणून पाण्यात काय पिकते आहे याची खबर त्या पक्ष्याच्या पिसांवरही उमटलेली असते.

मग १९७० साल आले. मुंबईची गर्दी हलकी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवायचे ठरले आणि त्यासाठी सिडको स्थापन झाली. पंचाण्णव गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. त्यांत भातखाचरे होती तशी मिठागरेही होती. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान परिसरात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. हे स्मरण इथे एवढ्यासाठी केले, की जमीन गेली तिच्याबरोबर पाण्याचा राखणदारही गेला. उघाडी कधी मिटायची आणि कधी सोडायची, हे ज्याला पोटासाठी जाणावे लागे, तो माणूस बांधावरून उठला.

नव्या शहराला मात्र जुनी विद्याच पुन्हा लागली! शहराचा पुष्कळसा भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली. तेव्हा हॉलंडच्या धर्तीवर खाडीकाठी धारण तलाव बांधले. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली, तर शहरातले पाणी या तलावांत थांबते. ओहोटी लागली की झडपेच्या दारांतून खाडीत जाते. नावे नवी, सिमेंट नवे. पण तत्त्व शिलोत्रीच्या उघाडीचेच. पुढे या तलावांत गाळ साचला आणि खारफुटीही वाढली. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्यास मनाई केली, ती योग्यच होती. पण मग गाळ काढायचा कसा, हा पेच उरला. ज्या पाण्याकडे वर्षानुवर्षे नीट पाहिले जात नाही, तिथे असे पेच पडायचेच.

याच पाण्याला रोहित पक्ष्यांनी आपलेसे केले. १९९० नंतरच्या काळात ते ठाण्याच्या खाडीत मोठ्या संख्येने येऊ लागले. ओहोटीला ते खाडीच्या चिखलावर चरतात. भरतीला तो चिखल बुडतो, तेव्हा ते नेरूळच्या बाजूच्या उथळ तळ्यांवर येऊन थांबतात. २०१५ साली खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला आणि २०२२ साली ठाणे खाडीला रामसर यादीत स्थान मिळाले. पण खाडी राखली आणि भरतीच्या वेळची तळी गेली, तर पाहुण्याला जेवायला वाढून बसायला पाट न देण्यासारखे होईल.

तसे घडलेही. नेरूळच्या ज्या तळ्याला लोक डीपीएस तलाव म्हणतात, त्याची खाडीकडून पाणी येण्याची वाट अडली. पाणी बदलेना. साचलेल्या पाण्यात शेवाळ दाटते. ते कुजू लागले की पाण्यातला प्राणवायू संपतो. पुढे पाणीच आटते. २०२४ साली या परिसरात काही रोहित पक्षी मरण पावले, काही भरकटून रस्त्यावर आले. नागरिकांनी आवाज उठवला आणि २०२५ साली हा तलाव राखीव ठेवण्यास राज्याच्या वन्यजीव मंडळाने मान्यता दिली. ही चांगली गोष्ट आहे. मात्र कागदावरच्या मान्यतेने पाणी हलत नाही. पाणी हलते ते वाट मोकळी असली तर.

इथे कायद्याची एक गंमत सांगतो. १९७१ च्या रामसर कराराने पाणथळ जागेच्या व्याख्येत माणसाने केलेल्या जागाही धरल्या आहेत. आपल्या २०१७ च्या नियमांनी मात्र मिठासाठी किंवा मत्स्यशेतीसाठी मुद्दाम केलेल्या पाणसाठ्यांना त्या व्याख्येतून वगळले. पक्ष्याला हा भेद कळत नाही. त्याला पाण्याची खोली कळते, खारटपणा कळतो आणि अन्न कळते.

तेव्हा करायचे काय? शिक्षकबंधू-भगिनींनो, तुमच्या गावाजवळ खाजण, खारे तळे किंवा जुने मिठागर असेल, तर मोठ्या मुलांना घेऊन महिन्यातून दोनदा, ओहोटीची वेळ पाहून काठावर जा. एकदा उधाणाच्या दिवसांत, एकदा भांगाच्या. खुणा केलेला एक बांबू कायमचा रोवून पाण्याची खोली लिहून ठेवा. मोजून घेतलेले पाणी शाळेत आटवून उरलेले क्षार तोला. पाण्याचा रंग, वास, उष्णता, पक्ष्यांची गणती आणि दार उघडे की बंद, एवढे वहीत टिपा. पुढच्या वर्षी त्याच तिथीला पुन्हा टिपा. एका वर्षाची वही ही नुसती नोंद. दहा वर्षांच्या वह्या म्हणजे पुरावा. बदल आधी पाण्यात होतो, पक्ष्यांत नंतर दिसतो. वही असली तर तो वेळीच ध्यानात येतो.

आणि गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या आगऱ्याला मुलांबरोबर बांधावर जरूर न्या. 'बाबा, हे पाणी कसं वाटतं?' एवढंच विचारा. तो वाकून ओंजळीत पाणी घेईल, जिभेवर ठेवील आणि सांगेल. त्याने सांगितलेले मुलांनी लिहून घ्यावे. त्या वहीचे पहिले पान तेच असावे.