व्हिडिओ कॅसेटमधल्या फाइली

१९९० च्या दशकातल्या रशियात हार्ड डिस्क छोट्या आणि महाग होत्या. त्यामानाने व्हीसीआर सहज मिळायचा. तिथलं ‘आर्व्हिड’ हे कार्ड कॉम्प्युटरच्या आयएसए स्लॉटमध्ये बसायचं आणि फाइलमधले शून्य-एक व्हिडिओ सिग्नल बनवून केबलने व्हीसीआरकडे पाठवायचं. सेकंदाला सुमारे २०० केबी. तीन तासांच्या कॅसेटवर साधारण २ जीबी. टेप खराब असली तरी निभावं म्हणून चुका दुरुस्त करणारे जादा बिट्सही सोबत. व्हीसीआरची बटणं दाबायला इन्फ्रारेड एलईडी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हाती रिमोटच!

ही युक्ती मला भलतीच आवडते. पण ती कॅसेट आज टीव्हीवर लावली, तर नुसते काळे-पांढरे ठिपके दिसतील. वाचायला तेच कार्ड, तसाच स्लॉट हवा. फाइल आपण जपतो. ती वाचणारं यंत्र कोण जपतं?