खडा नेमका कुठे आहे?

मुतखड्याची कळ उठली की रोगी एका जागी पडून राहूच शकत नाही. कूस बदलतो, उठतो, येरझारा घालतो. ताम्हिणीकडच्या एखाद्या वाडीत रात्री असं झालं, तर पौडच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत वळणावळणाचा रस्ता. तिथे पहिला प्रश्न असतो तो हा, की इंजेक्शन देऊन वाट पाहायची की लगेच पुण्याला पाठवायचं? याचं उत्तर द्यायला वैद्यकाला फार काळ लागला.

सुश्रुतसंहितेत खड्याला 'अश्मरी' म्हटलं आहे आणि तिच्या शस्त्रकर्माचं वर्णन थक्क करणारं आहे. नखं कापलेली, तेल लावलेली बोटं गुदद्वारातून आत घालून मूत्राशयातला खडा खाली आणायचा. मग शिवणीच्या डाव्या बाजूला, जवाएवढं अंतर सोडून चीर घ्यायची. कणभरही मागे ठेवायचा नाही, कारण तो पुन्हा वाढतो. कर्म न केलं तर मृत्यू नक्की आणि केलं तरी यश संशयित, म्हणून आधी राजाची परवानगी घ्यावी, असंही तिथे सांगितलं आहे. हा प्रामाणिकपणा आम्हांला त्या कौशल्याइतकाच मोलाचा वाटतो. (वायवर्ण्याची साल अश्मरीवर त्याच परंपरेतली. हुलग्याचं कढण आजही घरोघरी देतात. त्या निमित्तानं पोटात पाणी जातं हे बरंच, पण अडकलेला मोठा खडा त्यानं विरघळेल या भरवशावर राहू नये.)

युरोपातही शतकानुशतकं अशीच चीर घेत. १८२४ साली पॅरिसमध्ये सिव्हियाल यांनी मूत्रमार्गातून अवजार घालून खडा आतल्या आत फोडला. पण चुरा रोग्यानं स्वतःच लघवीवाटे बाहेर टाकायचा, त्यामुळे हे काम अनेक बैठकींत चाले. बॉस्टनच्या बिगेलो यांनी १८७८ साली मोठी नळी आणि रबरी फुगा वापरून फोडणं आणि चुरा ओढून काढणं एकाच वेळी उरकलं. मुलांचा मूत्रमार्ग अरुंद, त्यांच्यात हे जमणार नाही, असा मात्र सर्वसाधारण समज होता. तो खोटा ठरवला होळकरांच्या इंदुरात. रेसिडेन्सी सर्जन कीगन यांनी १८८० च्या दशकात बारीक अवजारं वापरून लहान मुलग्यांचे खडे चिरफाड न करता काढून दाखवले.

इतक्या मुलांना खडे होत तरी का? कुन्नूरला मॅककॅरिसन यांनी उंदरांना वेगवेगळा आहार देऊन पाहिलं. नुसत्या धान्यावर वाढलेल्यांत खडे झाले, दुधानं ते टळले. आहार सुधारला तसा मुलांतला मूत्राशयाचा खडा मागे पडला. आजचा खडा बहुधा मूत्रपिंडात तयार होतो आणि मूत्रवाहिनीत अडकतो. ही नळी सुमारे २५ सेंटिमीटर लांब आणि आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद. सुश्रुताचं बोट तिथे पोचत नाही.

तिथे किरणच हवेत. राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले आणि पुढच्याच वर्षी ग्लासगोच्या मॅकिंटायर यांनी मूत्रपिंडातला खडा टिपला. कॅल्शियमचे खडे क्ष-किरण अडवतात, म्हणून दिसतात. युरिक आम्लाचे निसटतात. सोनोग्राफीत तेही दिसू शकतात आणि लघवी तुंबून मूत्रपिंड फुगलं आहे का, हेही कळतं. १९८० साली म्यूनिकमध्ये शरीराबाहेरून आघातलहरी सोडून खडा फोडला गेला. १९९५ पासून औषध न टोचता काढलेल्या सीटी स्कॅननं जवळजवळ सगळेच खडे दिसू लागले.

पण तातडीचा निर्णय केवळ यंत्रावर अवलंबून नाही. कळ येते ती मुख्यतः तुंबलेल्या लघवीच्या दाबानं. डायक्लोफिनॅकसारखं औषध हा दाब उतरवतं, म्हणून मूत्रपिंडं ठीक असतील तर आधी तेच देतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. तिथे वाट पाहणं चूक नाही. मात्र कळीबरोबर थंडी वाजून ताप असेल, तर तुंबलेल्या लघवीत जंतू वाढत असण्याची भीती असते. अशा वेळी खडा फोडायला गेलं तर जंतू रक्तात पसरू शकतात. आधी प्रतिजैविकं द्यायची आणि आतून बारीक नळी ठेवून किंवा पाठीतून नळी घालून लघवीला वाट करून द्यायची. खडा नंतर पाहायचा. लघवी पूर्ण बंद असेल, एकच मूत्रपिंड असेल किंवा रोगी गरोदर असेल, तरी थांबायचं नाही.

म्हणून पौडहून रुग्णवाहिका निघताना चिठ्ठीवर तापाचा आकडा, शेवटची लघवी कधी झाली ती वेळ आणि दिलेलं इंजेक्शन एवढं लिहिलेलं असलं, तरी पुण्यात पोचल्यावर आधी नळी की आधी स्कॅन, हे ठरवायला वेळ जात नाही.