नेब्रास्का कॉर्नहस्कर्स महिला व्हॉलीबॉल संघातील बदल (२०२५)

नेब्रास्का कॉर्नहस्कर्स महिला व्हॉलीबॉल संघ हा अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील लिंकन येथील नेब्रास्का विद्यापीठाचा महाविद्यालयीन संघ आहे. तो राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या (एनसीएए) पहिल्या विभागात आणि बिग टेन परिषदेत खेळतो. १९९५, २०००, २००६, २०१५ आणि २०१७ या वर्षी त्याने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. २०२४ चा हंगाम संपल्यानंतर पंचवीस वर्षे मुख्य प्रशिक्षक असलेले जॉन कुक निवृत्त झाले, अनेक अनुभवी खेळाडूंची पात्रता संपली आणि २०२५ च्या हंगामासाठी संघाची नव्याने बांधणी करावी लागली. हा लेख त्या बदलांविषयी, त्यांच्या परिणामांविषयी आणि २०२६ च्या हंगामातील शक्यतांविषयी आहे.

पार्श्वभूमी

संघाची स्थापना १९७५ मध्ये झाली. टेरी पेटिट यांनी १९७७ ते १९९९ या काळात त्याला राष्ट्रीय पातळीवर आणले आणि १९९५ मध्ये पहिले अजिंक्यपद मिळवून दिले. त्यांच्यानंतर आलेल्या जॉन कुक यांच्या संघाने २००० मध्ये, म्हणजे त्यांच्या पहिल्याच हंगामात, ३४ पैकी ३४ सामने जिंकून विजेतेपद पटकावले. कुक यांच्या कार्यकाळात आणखी तीन विजेतेपदे आली. नेब्रास्कात त्यांच्या खात्यावर ७२२ विजय आणि १०३ पराभव आहेत. प्रशिक्षक संघटनेची राष्ट्रीय क्रमवारी १९८२ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून एकदाही क्रमवारीबाहेर न गेलेला हा एकमेव संघ आहे.

नेब्रास्का राज्यात मोठ्या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही. त्यामुळे विद्यापीठाचे संघ हेच राज्याचे संघ मानले जातात आणि व्हॉलीबॉलला तेथे जी लोकप्रियता लाभली आहे ती अमेरिकेत अन्यत्र क्वचितच आढळते. संघाच्या घरच्या सामन्यांची तिकिटे २००१ पासून सलग संपत आली आहेत. ३० ऑगस्ट २०२३ रोजी विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात, म्हणजे मेमोरियल स्टेडियममध्ये, ओमाहा विद्यापीठाविरुद्ध झालेल्या सामन्याला ९२,००३ प्रेक्षक उपस्थित होते. ज्या संघाला इतके प्रेक्षक लाभतात, त्याच्या पहिल्या सहा खेळाडूंची निवड हा राज्यभर चर्चेचा विषय असतो.

अशा प्रेक्षकांसमोर शेवटच्या विजेतेपदाला अनेक वर्षे उलटली होती. २०२३ मध्ये संघ अंतिम सामन्यात टेक्सासकडून सरळ तीन सेटमध्ये हरला. २०२४ मध्ये लुईव्हिल येथे झालेल्या उपांत्य सामन्यात पेन स्टेटविरुद्ध पहिले दोन सेट जिंकूनही आणि चौथ्या सेटमध्ये विजयाचे गुण हाताशी येऊनही तो २–३ असा पराभूत झाला. त्या वर्षीची कामगिरी ३३ विजय आणि ३ पराभव अशी होती. कागदावर ती उत्तम दिसते. पण लिंकनमध्ये हंगामाचे मोजमाप डिसेंबरमधील शेवटच्या सामन्यावरून होते.

प्रशिक्षकपदातील बदल

जानेवारी २०२५ मध्ये कुक यांनी निवृत्ती जाहीर केली आणि त्यांच्या जागी डॅनी बुसबूम केली यांची नियुक्ती झाली. विद्यापीठाने बॉब डेव्हेनी क्रीडा केंद्रातील व्हॉलीबॉलच्या मैदानाला कुक यांचे नाव दिले. बुसबूम केली या नेब्रास्का राज्याच्याच आहेत. २००६ च्या विजेत्या संघात त्या खेळाडू होत्या आणि २०१५ च्या विजेत्या संघात सहायक प्रशिक्षक. २०१७ पासून त्या लुईव्हिल विद्यापीठाच्या मुख्य प्रशिक्षक होत्या. त्यांच्या मार्गदर्शनाखाली लुईव्हिल २०२२ आणि २०२४ मध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोहोचले. दोन्ही वेळा उपविजेतेपदावर समाधान मानावे लागले. २०२४ मध्ये लुईव्हिलला अंतिम सामन्यात हरवणारा संघ पेन स्टेटच होता, ज्याने तीनच दिवस आधी त्याच मैदानावर नेब्रास्काला बाहेर काढले होते.

खेळाडू म्हणून बुसबूम केली यांचा अनुभव संघबदलाच्या दृष्टीने बोलका आहे. महाविद्यालयीन कारकिर्दीच्या सुरुवातीला त्या सेटर होत्या, आणि शेवटच्या वर्षी संघाच्या गरजेपोटी लिबेरो झाल्या. त्याच वर्षी संघ विजेता ठरला. सेटर संपूर्ण आक्रमणाची सूत्रे हाती ठेवते, तर लिबेरोला जाळ्याजवळून आक्रमण करण्याची मुभाच नसते. हा बदल मानी खेळाडूला सहज पचणारा नाही.

प्रशिक्षक बदलला की महाविद्यालयीन संघ विस्कटण्याचा धोका अलीकडे फार वाढला आहे. २०१८ मध्ये स्थलांतरासाठीची नोंदणी व्यवस्था (ट्रान्सफर पोर्टल) सुरू झाली आणि २०२१ पासून खेळाडूंना एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येऊ लागले. प्रशिक्षक गेल्यास खेळाडूंना नोंदणीसाठी वेगळी मुदतही मिळते. नेब्रास्काच्या मुख्य खेळाडूंनी मात्र या मुदतीचा लाभ घेऊन संघ सोडला नाही. नव्या प्रशिक्षक ओळखीच्या होत्या आणि सहायक प्रशिक्षकांपैकी जेलन रेयेस व केली हंटर हे कायम राहिले, याचा त्यात वाटा असावा. हंटर या स्वतः २०१७ च्या विजेत्या संघाच्या सेटर होत्या.

बाहेर पडलेल्या खेळाडू

२०२४ नंतर पात्रता संपलेल्या खेळाडूंमध्ये लिबेरो लेक्सी रॉड्रिगेझ, ऑपोझिट मेरिट बीसन, आऊटसाइड हिटर लिंडसे क्राउझ, सेटर केनेडी ऑर आणि मिडल ब्लॉकर लेला ब्लॅकवेल यांचा समावेश होता.

यांपैकी रॉड्रिगेझची उणीव सर्वांत मोठी मानली गेली. चार वर्षे तिने संघाचा बचाव सांभाळला आणि चारही वर्षी तिची अखिल अमेरिकन संघात निवड झाली. लिबेरोचे काम गुणफलकावर दिसत नाही. तथापि प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस अचूक उचलली गेली तरच सेटरपुढे तीन पर्याय उरतात. ती वाकडी गेली तर चेंडू नाइलाजाने टोकाच्या आक्रमकाकडे द्यावा लागतो आणि समोर दोघींची भिंत आधीच उभी असते. बीसन २०२३ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातून आली होती आणि उजव्या बाजूने आक्रमण करीत असे. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत तिला पहिली पसंती मिळाली. ऑर व ब्लॅकवेल या बव्हंशी राखीव होत्या, पण दुखापतीच्या प्रसंगी अशाच खेळाडूंवर हंगाम तरतो.

नवी रचना

२०२५ च्या संघाचा कणा २०२३ मध्ये दाखल झालेल्या खेळाडूंचा होता: सेटर बर्गन रायली, आऊटसाइड हिटर हार्पर मरे, मिडल ब्लॉकर अँडी जॅक्सन आणि बचावपटू लेनी चोबॉय. या चौघी पहिल्याच वर्षापासून खेळत आल्याने तिसऱ्या वर्षी त्यांच्यापाशी दोन राष्ट्रीय उपांत्य फेऱ्यांचा अनुभव होता. त्यांच्या जोडीला शेवटच्या वर्षात असलेल्या मिडल ब्लॉकर रिबेका अ‍ॅलिक आणि आऊटसाइड हिटर टेलर लँडफेअर होत्या. लँडफेअर मिनेसोटा विद्यापीठातून आली होती. तेथे असताना २०२२ मध्ये ती बिग टेन परिषदेची सर्वोत्तम खेळाडू ठरली होती.

प्रश्न प्रामुख्याने दोन जागांचा होता. लिबेरोची जागा चोबॉयकडे आली. ती उंचीने लहान, परंतु अत्यंत चपळ. रॉड्रिगेझच्या काळात ती मागच्या ओळीत बदली बचावपटू म्हणून उतरत असे. तिला साथ देण्यासाठी ऑलिव्हिया मॉक होती. महाविद्यालयीन महिला व्हॉलीबॉलमध्ये प्रत्येक सेटमध्ये १५ बदल करता येतात, तर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार केवळ सहा. त्यामुळे उंच आक्रमक मागच्या ओळीत गेली की तिच्या जागी बचावपटू उतरवणे ही येथे नित्याची बाब आहे, आणि एका चांगल्या लिबेरोइतकेच दोन-तीन चांगल्या बचावपटूंनाही महत्त्व असते.

ऑपोझिटची जागा भरणे अधिक अवघड होते. एक सेटर आणि पाच आक्रमक अशा रचनेत सेटर पुढच्या ओळीत असते तेव्हा जाळ्याजवळ दोनच आक्रमक उरतात. सेटर मागे जाते तेव्हा ऑपोझिट पुढे येते आणि तीन आक्रमकांचा मारा शक्य होतो. शिवाय प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वांत प्रभावी आऊटसाइड हिटरसमोर भिंत उभारण्याची जबाबदारी उजव्या बाजूवर असते. या जागेसाठी इटलीची व्हर्जिनिया अड्रियानो आणि बेलर विद्यापीठातून स्थलांतरित झालेली एक ज्येष्ठ खेळाडू अशा दोघी आणल्या गेल्या. परदेशी खेळाडू नेब्रास्कात पूर्वीही आल्या आहेत, पण संघाची मूळ प्रकृती मध्य-पश्चिमेकडील शालेय खेळाडूंवर पोसलेली राहिली आहे.

नवोदितांमध्ये आऊटसाइड हिटर तेराया सिग्लर, सेटर कॅम्पबेल फ्लिन आणि मिडल ब्लॉकर मनाया ओगबेची ही नावे महत्त्वाची होती. फ्लिनमुळे दोन सेटरची रचना वापरण्याची सोय झाली. या रचनेत मागच्या ओळीतील सेटर चेंडू उचलते आणि पुढे सदैव तीन आक्रमक राहतात. मात्र सामन्याची लय दोघींमध्ये वाटली जाते. रायलीसारखी सेटर उपलब्ध असताना तिला वारंवार बाहेर बसवणे परवडणारे नव्हते. ती २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी बिग टेनची सर्वोत्तम सेटर ठरली होती.

संघाच्या संख्येवरही त्याच वर्षी नवे बंधन आले. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देता येऊ लागला. शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा (महिला व्हॉलीबॉलसाठी १२) रद्द होऊन तिच्या जागी तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी १८ खेळाडूंची मर्यादा आली. श्रीमंत विद्यापीठाला आता राखीव खेळाडूही पूर्ण शिष्यवृत्तीवर ठेवता येतात. दुसरीकडे, स्वखर्चाने सरावाला येणाऱ्या स्थानिक मुलींसाठी जागा कमी झाल्या. नेब्रास्काच्या लहान गावांतून अशा मुली पूर्वापार येत आल्या आहेत.

२०२५ चा हंगाम

ऑगस्टमध्ये लिंकन येथे संघाने पिट्सबर्ग आणि स्टॅनफर्ड या बलाढ्य संघांना हरवून सुरुवात केली. त्यानंतर नॅशव्हिल येथे केंटकीविरुद्ध पहिले दोन सेट गमावूनही सामना ३–२ असा जिंकला. नव्या रचनेची पहिली खरी कसोटी तीच होती. बिग टेन परिषदेत २०२४ पासून १८ संघ असून प्रत्येकाला २० सामने खेळावे लागतात. ते सर्व २० सामने नेब्रास्काने जिंकले, आणि बहुतेक सरळ तीन सेटमध्ये. रॉड्रिगेझशिवाय बचाव ढासळेल ही भीती निराधार ठरली.

राष्ट्रीय स्पर्धेत संघ ३३ सामने अपराजित राहून विभागीय अंतिम सामन्यात पोहोचला. १४ डिसेंबर २०२५ रोजी लिंकनमध्येच, आपल्याच प्रेक्षकांसमोर, टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने त्याला २२–२५, २२–२५, २५–२०, ३७–३५, १३–१५ असे हरवले. चौथ्या सेटमध्ये प्रतिस्पर्ध्यांच्या विजयाचे गुण वारंवार वाचवत नेब्रास्काने सामना पाचव्या सेटपर्यंत नेला, तेथे दोन गुण कमी पडले. टेक्सास ए अँड एमने पुढे पिट्सबर्गला आणि कॅन्सस सिटी येथील अंतिम सामन्यात केंटकीला हरवून आपले पहिले अजिंक्यपद जिंकले. पिट्सबर्ग आणि केंटकी या दोन्ही संघांना नेब्रास्काने ऑगस्टमध्ये पराभूत केले होते.

या पराभवाचे खापर कोणा एका जागेवर फोडता येत नाही. टेक्सास ए अँड एमच्या संघात शेवटच्या वर्षातील खेळाडूंचा भरणा होता आणि जाळ्याजवळील त्यांची भिंत सामनाभर भक्कम राहिली. मात्र परिषदेतील सामने सहज जिंकत गेल्याने नेब्रास्काला शरद ऋतूच्या उत्तरार्धात चुरशीचे पाच सेट खेळण्याची सवय राहिली नव्हती, हा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

२०२६ मधील शक्यता

अ‍ॅलिक आणि लँडफेअर यांची पात्रता २०२५ सोबत संपली. म्हणजेच २०२६ साठी एक मिडल ब्लॉकर आणि एक आऊटसाइड हिटर अशा दोन जागा रिकाम्या होतात. उजव्या बाजूच्या एका अनुभवी खेळाडूचीही पात्रता संपली आहे. आऊटसाइडच्या जागेसाठी सिग्लरचा आणि मध्यावरील जागेसाठी ओगबेचीचा विचार स्वाभाविक ठरतो. अ‍ॅलिकची जागा भरणे त्यांतल्या त्यात कठीण आहे. ती लिंकन परिसरातलीच, चार वर्षे जाळ्याजवळ उभी राहिलेली खेळाडू होती, आणि तिचा जोम प्रेक्षकांनाही सामन्यात ओढून घेत असे.

रायली, मरे, जॅक्सन आणि चोबॉय यांचे २०२६ हे चौथे, म्हणजे नियमानुसार अखेरचे वर्ष. २०२३ मध्ये अंतिम, २०२४ मध्ये उपांत्य आणि २०२५ मध्ये विभागीय अंतिम सामन्यात पराभव असा त्यांचा तीन वर्षांचा प्रवास आहे. या काळात संघाने जवळपास शंभर सामने जिंकले आणि केवळ सहा गमावले. राष्ट्रीय चषक मात्र हाती आलेला नाही. सेटर, मुख्य आक्रमक, मिडल ब्लॉकर आणि लिबेरो अशा चारही प्रमुख जागा चार वर्षे एकत्र खेळलेल्या खेळाडूंकडे असणे ही स्थलांतराच्या आजच्या काळात दुर्मीळ गोष्ट आहे. २०२७ मध्ये मात्र या चारही जागा एकाच वेळी रिकाम्या होतील. म्हणून फ्लिनला २०२६ मध्ये किती सेट खेळायला मिळतात, याकडे रायलीच्या खेळाइतकेच लक्ष देणे प्रशिक्षकांना भाग आहे. २०२६ च्या राष्ट्रीय स्पर्धेचे उपांत्य व अंतिम सामने टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो येथे नियोजित आहेत.