एक नाव, चाळीस कारखाने : रूबी पिस्तुलाची कहाणी

१/
पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने जे पिस्तूल लाखोंच्या संख्येने विकत घेतले, ते फ्रान्समध्ये तयार झालेच नव्हते. ते आले युद्धात न उतरलेल्या स्पेनमधून, बास्क प्रांतातल्या एका दरीतून. त्याचे नाव 'रूबी'. ७,००,००० हून अधिक नग आणि ४० हून अधिक कारखाने. तरीही एका रूबीचे मॅगझीन दुसऱ्या रूबीत बसेलच, याची शाश्वती नव्हती. हा थ्रेड त्या स्वस्त पिस्तुलाचा, आणि ते कमरेला लावून खंदकात उतरलेल्या माणसांचा.

२/
रूबीची कुळकथा सुरू होते जॉन ब्राउनिंग या अमेरिकन संशोधकापासून. बेल्जियममधील हेर्स्ताल येथील 'एफ. एन.' कारखान्याने त्याच्या आराखड्यांवरून विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अर्धस्वयंचलित पिस्तुले बाजारात आणली. चपटी, खिशात मावणारी आणि सामान्य ग्राहकाला परवडणारी. ती इतकी खपली, की फ्रेंच भाषेत 'ब्राउनिंग' हा शब्द कोणत्याही पिस्तुलासाठी वापरला जाऊ लागला.

३/
मराठी वाचकाला हे नाव परके नाही. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या सामानातून हिंदुस्थानात पाठवलेली २० पिस्तुले ब्राउनिंगच होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्याही ब्राउनिंगमधूनच. लहान आकार आणि सुलभ उपलब्धता या दोन गुणांमुळे हे शस्त्र दहा-बारा वर्षांत जगभर पोहोचले होते.

४/
जे खपते, त्याची नक्कल होते. ब्राउनिंगचे १९०३ चे मॉडेल नकलेला विशेष सोयीचे होते, कारण त्याची रचना अत्यंत साधी. नळी सांगाड्यात स्थिर. वरचा जड सरकता भाग, म्हणजे स्लाइड, फक्त एका स्प्रिंगने पुढे रेटलेला. गोळी सुटली की वायूचा दाब रिकामे काडतूस मागे ढकलतो, त्यासोबत स्लाइड मागे जाते, रिकामे काडतूस बाहेर पडते. स्प्रिंग स्लाइडला पुन्हा पुढे आणते आणि नवे काडतूस नळीत चढते. प्रत्येक गोळीसाठी चाप मात्र पुन्हा ओढावा लागतो, म्हणून ते 'अर्धस्वयंचलित'. यात गुंतागुंतीचे कुलूप नाही की फिरणारे भाग नाहीत.

५/
नक्कल करणारे गाव होते एइबार. स्पेनच्या उत्तरेस गिपुस्कोआ प्रांतातील या गावात शस्त्रे घडवण्याची परंपरा शतकानुशतकांची. धातूवर सोन्याची नक्षी जडवण्याची कलाही इथलीच. मोठे कारखाने थोडे. बाकी सारे घरगुती, कुटुंबाच्या बळावर चाललेले. एक घर स्प्रिंगा करी, दुसरे नळ्या, तिसरे जोडणी. आपल्याकडच्या मागवाल्यांच्या पेठेसारखी ही रचना : प्रत्येकाचे काम वेगळे, पण माल एकाच गावचा.

६/
कायदाही नकलेच्या बाजूने होता. परदेशी संशोधकाला स्पेनमध्ये पेटंट टिकवायचे, तर ठरावीक मुदतीत ती वस्तू स्पेनमध्येच तयार व्हावी लागे. ब्राउनिंगची पिस्तुले बेल्जियममध्ये तयार होत. परिणामी एइबारच्या कारागिरांना मोकळे रान मिळाले. त्यांनी सेफ्टीची कळ मागच्या बाजूकडून सांगाड्याच्या मध्यावर आणली, काही भाग सोपे केले, आणि मूळ पिस्तुलाची स्वस्त भावंडे बाजारात आणली.

७/
या भावंडांपैकीच एक 'रूबी'. गाबिलोंदो इ उर्रेस्ती या एइबारच्या कंपनीने ते १९१४ मध्ये तयार केले. काडतूस ७.६५ मिमीचे, म्हणजे ब्राउनिंगचेच. वैशिष्ट्य एकच : मॅगझीन लांब करून त्यात ९ काडतुसे बसवलेली. ग्राहक म्हणून डोळ्यांसमोर अमेरिका खंडातली बाजारपेठ होती. त्याच वर्षी युरोपात युद्ध पेटले आणि ग्राहक डोंगरापलीकडे, अगदी शेजारीच उभा राहिला.

८/
फ्रेंच सैन्याचे अधिकृत लहान शस्त्र होते १८९२ चे ६ गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर. पण १९१४ च्या शरद ऋतूत ते पुरेसे नव्हते, आणि सरकारी कारखाने रायफली व इतर युद्धसामग्रीत गुंतलेले. बेल्जियममधील शस्त्रोद्योग ऑगस्टमध्येच जर्मनांच्या ताब्यात गेला होता. युद्धाबाहेर असलेले, शस्त्रे घडवण्यात मुरलेले आणि सीमेलगतचे ठिकाण शोधता शोधता फ्रेंचांची नजर एइबारवर स्थिरावली.

९/
पिस्तुलाची एवढी निकड का भासली? लेबेल रायफल सुमारे १.३ मीटर लांब, संगीन लावली की आणखी अर्धा मीटर. खंदकाच्या अरुंद वळणावर ती फिरवताही येत नसे. मशीनगन चालवणारे, वाहनचालक, रात्री शत्रूच्या खंदकावर छापा घालणारे यांना एका हातात धरता येईल असे शस्त्र हवे होते. पूर्वी मुख्यतः अधिकाऱ्याच्या कमरेला शोभणारी वस्तू आता साध्या शिपायाची गरज बनली.

१०/
१९१५ मध्ये करार झाला : दरमहा १०,००० रूबी. आकडा गाबिलोंदोच्या कुवतीपलीकडचा होता. त्याच वर्षी मागणी दरमहा ३०,००० वर गेली, पुढे ५०,००० वर. मग गाबिलोंदोने एइबार आणि शेजारच्या एल्गोइबारमधील चार कंपन्यांशी उपकरार केले. प्रत्येकीने दरमहा किमान ५,००० पिस्तुले द्यायची, स्वतः गाबिलोंदोने १०,०००. मालाच्या दर्जाची जबाबदारीही गाबिलोंदोवर.

११/
हेही पुरेना. फ्रेंचांनी इतर कारखान्यांकडून थेट खरेदी सुरू केली. बातमी दरीत पसरली आणि ज्याच्याकडे लेथ होता तो पिस्तुले बनवू लागला. अशा रीतीने ४० हून अधिक कारखाने या धंद्यात उतरले. इटलीच्या सैन्यानेही इथूनच माल उचलला. 'रूबी' हे एका कंपनीच्या मालाचे नाव उरले नाही. ते एका घाटाचे नाव झाले, जसा 'कोल्हापुरी' हा चपलांचा.

१२/
चपलेत एवढे चालते, यंत्रात चालत नाही. दोन यंत्रे परस्परांची जागा घेऊ शकतात, ती दोहोंचा प्रत्येक भाग एकाच मापकाने, म्हणजे गेजने, तपासलेला असेल तर. एइबारची पद्धत निराळी होती. कारागीर भाग हातात घेई, कानस मारी, बसवून पाही, पुन्हा कानस मारी. त्या एका पिस्तुलापुरता तो भाग अचूक बसे. शेजारच्या कारखान्यातल्या पिस्तुलाशी त्याचे नाते फक्त दिसण्यापुरते. फ्रेंचांनी मागितले होते नमुन्याबरहुकूम पिस्तूल. सर्वांना बांधणारे एकच काटेकोर माप दरीत रुजवायला वेळ हवा होता, आणि वेळ कोणाकडेच नव्हता.

१३/
याची किंमत मोजली ती शिपायाने. त्याच्या दृष्टीने मॅगझीन म्हणजे पिस्तुलाचा प्राण. ते चिखलात पडले, वाकले किंवा हरवले, तर शेजारच्या सोबत्याकडून मागून घ्यावे, हा साधा व्यवहार. पण सोबत्याची रूबी दुसऱ्या कारखान्याची असली, तर त्याचे मॅगझीन आत शिरेना. शिरले तर पक्के बसेना. बसले तरी काडतूस नीट वर येईना. कागदोपत्री दोघांकडे एकच शस्त्र होते. प्रत्यक्षात दोघेही आपापल्या पिस्तुलासह एकाकी.

१४/
यावर उपाय निघाला तो मापाचा नव्हे, खुणेचा. पिस्तुलाच्या सांगाड्यावर आणि मॅगझीनच्या तळाशी लंबगोलात दोन अक्षरे ठोकली जाऊ लागली. 'जी यू' म्हणजे गाबिलोंदो इ उर्रेस्ती, 'ई यू' म्हणजे एस्पेरान्सा इ उन्सेता. अक्षरे जुळली तरच मॅगझीन लावायचे. प्रमाणीकरण जमले नाही, म्हणून विसंगतीचीच नोंद ठेवली गेली. युद्धकाळातल्या प्रशासनाचा स्वभाव या दोन अक्षरांइतका क्वचितच कुठे स्पष्ट दिसतो.

१५/
दुसरा अनुभव अधिक जिवावरचा. सेफ्टीची कळ मध्यावर आणल्यामुळे, पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरमध्ये सरकवताना ती घासली जाई आणि नकळत उघडी पडे. म्हणजे बंद समजून ठेवलेले पिस्तूल कमरेला गोळी सोडण्याच्या स्थितीत लटकत राही. यावर स्लाइडच्या डाव्या बाजूस एक ठसठशीत गोल बुंधा बसवण्यात आला. तो चामड्याला कळीपासून दूर ठेवी. आज अनेक रूबींवर दिसणारा तो बेढब उंचवटा वापरणाऱ्यांच्या तक्रारीतून आलेला आहे.

१६/
तिसरा दोष काळाने दाखवला. सगळ्या कारखान्यांचे पोलाद सारखे नव्हते. काहींच्या आतल्या भागांना पुरेसे कठीण केलेले नसे. घोडा अडवून धरणारी खिट्टी झिजली, की चाप एकदा ओढल्यावर एकापाठोपाठ अनेक गोळ्या सुटण्याचा धोका. उलट चांगल्या कारखान्याची रूबी वर्षानुवर्षे तक्रारीविना चाले. शिपायाच्या हाती यांपैकी कोणती येईल, हे त्याच्या नशिबावर.

१७/
मग ही पिस्तुले टाकून का दिली गेली नाहीत? कारण पर्यायाच्या तुलनेत ती वाईट नव्हती. रिव्हॉल्व्हरच्या ६ गोळ्यांविरुद्ध ९. भरलेले मॅगझीन बदलायला काही क्षण पुरत. रिव्हॉल्व्हरमध्ये अंधारात एकेक काडतूस भरत बसावे लागे. धक्का सौम्य, त्यामुळे अननुभवी हातालाही पेलणारे. आणि मुख्य म्हणजे ते मिळत होते. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याच्यापुढे निवड 'उत्तम की स्वस्त' अशी नसते. ती 'आहे की नाही' अशी असते.

१८/
रूबीच्या अपयशाचे खापर बहुधा 'स्पॅनिश कारागिरी'वर फोडले जाते. ते न्याय्य नाही. गाव तेच, कारागीर तेच, आराखडाही तोच. १०,००० च्या मागणीला तोलून धरणारी व्यवस्था ५०,००० ला कोलमडली. मागणी वाढवत नेणारा खरेदीदार होता, दर्जाची जबाबदारी एका कंपनीवर सोपवून नंतर तिला वळसा घालून थेट खरेदी करणाराही तोच. स्वस्ताई केवळ धातूत नव्हती. न केलेल्या तपासणीत होती. तपासणीचा वाचवलेला वेळ पुढे खंदकात खर्ची पडला.

१९/
युद्ध संपले, रूबी संपली नाही. हजारो पिस्तुले फ्रान्सकडून फिनलंडला गेली आणि पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातही तिथल्या सैनिकांच्या हाती होती. फ्रान्सने पुढे १९३५ मॉडेलची नवी पिस्तुले स्वीकारली, पण ती पुरेशी तयार होईपर्यंत जुनी रूबीच कामाला येत राहिली. १९४० मध्ये जर्मनांसमोर उभ्या ठाकलेल्या कित्येक फ्रेंच सैनिकांच्या कमरेला त्यांच्या वडिलांच्या पिढीचेच पिस्तूल होते.

२०/
एइबारवर मात्र शांतता कोसळली. १९१८ नंतर मागणी आटली आणि युद्धात उगवलेले कारखाने धडाधड बंद पडले. जे टिकले, त्यांतील काहींनी पिस्तुलेच सुधारली : गाबिलोंदोची 'यामा' आणि उन्सेताची 'आस्त्रा' ही नावे पुढे गाजली. काहींनी वाट बदलली. शस्त्रकामगारांनी १९२० मध्ये स्थापलेली 'अल्फा' ही सहकारी संस्था शिलाई यंत्रे करू लागली. बंदुकांच्या नळ्या ओढणाऱ्या हातांना सायकलीच्या नळ्या अवघड नव्हत्या. रूबीच्या घाटाची पिस्तुले केलेली 'बेइस्तेगी एर्मानोस' सायकलींकडे वळली, तीच आजची 'बी. एच.'. जुनी शस्त्रकंपनी 'ओर्बेआ'ही त्याच वाटेने गेली.

२१/
एकच माप न पाळल्याने बदनाम झालेल्या दरीने पुढे शिलाई यंत्रे आणि सायकली विकल्या, ज्यांचे सुटे भाग एकमेकांत बसलेच पाहिजेत. याचा अर्थ कारागिरांना अचूकता जमत नव्हती असे नव्हे. १९१५ मध्ये तिच्यासाठी कोणी थांबायला तयार नव्हते. आज एखाद्या संग्राहकासमोर रूबी आली, की तो आधी सांगाड्यावरची दोन अक्षरे वाचतो, मग मॅगझीन उलटे करून तळावरची. शंभर वर्षांपूर्वी शिपायालाही हेच करावे लागे. फरक इतकाच, की संग्राहकाला घाई नसते.

#इतिहास #मराठी #थ्रेड