अंबरनाथची जत्रा : इतिहासाचे एक साधन

ठाणे-कल्याण परिसराच्या इतिहासाची साधने सांगताना शिलालेख, ताम्रपट आणि दप्तरे यांचा उल्लेख होतो. जत्रेचा सहसा होत नाही. अंबरनाथच्या शिवालयापुरता तरी या उपेक्षेचा फेरविचार करणे अगत्याचे वाटते.

कल्याणच्या आग्नेयेस वालधुनी नदीकाठी असलेले हे भूमिज शैलीचे देवालय उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळातील होय. श्रीस्थानक, म्हणजे आजचे ठाणे, ही त्यांची राजधानी. १८६८ मध्ये मुंबईच्या कलाशाळेतील जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली या वास्तूची रेखाचित्रे, छायाचित्रे व शिल्पांचे साचे तयार करण्यात आले. ते काम मोलाचे खरे. परंतु साच्यात दगड उतरतो, दगडाभोवतीचा लोकव्यवहार उतरत नाही.

तो व्यवहार माघ वद्य चतुर्दशीस, महाशिवरात्रीच्या जत्रेत दिसतो. भाविक मंडपातून पुढे जाऊन पायऱ्या उतरतात व खोलगट गाभाऱ्यातील पिंडीचे दर्शन घेतात; बाहेर पाळणे, खेळणी आणि खाद्यपदार्थ यांची दुकाने लागतात. स्टॉकहोम येथे १८९१ मध्ये स्कान्सेन हे खुले संग्रहालय स्थापन झाले, तेव्हापासून गतकाळ लोकांपुढे वठवून दाखविण्याची रीत पश्चिमेकडे रूढ झाली. अंबरनाथला कोणी पूर्वजांची भूमिका करीत नाही. येथे इतिहास वठविला जात नाही, वापरला जातो.

तथापि चालू वापर म्हणजे अखंड परंपरेचा पुरावा नव्हे. लिखित पुराव्याचेही वाचन चुकू शकते. देवालयाच्या उत्तर द्वारावरील संस्कृत लेखाचा शक भाऊ दाजी यांनी ७८२ असा वाचला होता. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असल्याचे दाखविले. एका अंकाच्या वाचनाने वास्तूचा काळ दोनशे वर्षांनी बदलला व तिचा संबंध शिलाहार राजा मुम्मुणि याच्याशी निश्चित झाला. शिलालेखास जी चिकित्सा लावावयाची, तीच जत्रेस लावावी लागेल.

‘जत्रा’ हा शब्दच या बाबतीत उद्बोधक आहे. संस्कृत ‘यात्रा’ प्राकृतात ‘जत्ता’ होते. मराठीने आरंभीचा ‘ज’ राखला, पण ‘त्र’ हे जोडाक्षर मात्र संस्कृतासारखे ठेवले. म्हणजे हे रूप ना निव्वळ तत्सम, ना निव्वळ तद्भव. जत्राही तशीच आहे : तिची तिथी पंचांगाची, पाळणे यंत्रयुगाचे. यांतील कोणता थर केव्हाचा, हे भक्तीच्या अथवा अभिमानाच्या भरात ठरविता येत नाही.

आज हे देवालय केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. गर्दीच्या स्पर्शाने शिल्पे झिजतात, ही चिंता रास्तच आहे. परंतु केवळ दगड राखून माणसे दूर सारली, तर साक्षीदारच गप्प होईल. म्हणून दर वर्षी जत्रेची पद्धतशीर नोंद व्हावी : कोणता मान कोणाकडे आहे, दुकाने कोठे मांडली जातात, विक्रेते कोणते शब्द वापरतात, मागील वर्षापेक्षा काय बदलले. टेरी यांच्या चमूने दगडाचे साचे घेतले. जत्रेतील बोलीचे व व्यवहाराचे टिपण घेणे आपल्या विद्यार्थ्यांना अवघड नाही. हे काम लांबणीवर टाकले, तर पुढील अभ्यासकास देवालय सापडेल, जत्रा सापडणार नाही.