कंसातले हैदराबाद

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या प्लास्टिक किटमध्ये सुट्या भागांबरोबर एक घडीचा सूचनाकागद असतो. कोणता भाग कोणत्या भागाला कधी चिकटवायचा याच्या आकृत्या त्यावर असतात आणि अखेरच्या पानावर विमानाच्या दोन्ही बाजूंची चित्रे असतात. कोणता रंग कोठे द्यायचा, कोणते अक्षर कोणत्या रेषेला धरून बसवायचे, हे तेथे कमालीच्या काटेकोरपणे सांगितलेले असते. चित्राखाली एक ओळ असते: विमानाचा प्रकार, स्क्वाड्रनचा क्रमांक, तळ, वर्ष. ब्रिटिश स्पिटफायरची चित्रे पाहताना ‘क्र. १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन, वॉर्मवेल, १९४०’ अशा धर्तीची ओळ कधीतरी भेटते. बहुतेक वाचक तो कंस ओलांडून पुढे जातात. वसमतच्या वाचकाला तसे जाता येऊ नये, असे आम्हांस वाटते. कारण १९४० साली वसमत हा निजामाच्या हैदराबाद राज्यातील परभणी जिल्ह्याचा एक तालुका होता आणि त्या कंसात जे राज्य आहे त्याचा शेतसारा आमच्या आजोबा-पणजोबांनी भरलेला आहे.

प्रथम या किटांविषयी थोडे. विमानांच्या प्रतिकृती आरंभी लाकडाच्या असत. इंग्लंडमध्ये १९३०च्या दशकात ‘स्कायबर्ड्‌स’ या लाकडी किटांनी १/७२ हे प्रमाण रूढ केले: खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे प्रतिकृतीचा एक इंच. १९३६ साली ‘फ्रॉग’ या कंपनीने सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे भाग असलेली किट काढली. तिची आधीची विमाने उडणारी होती, ही न उडणारी. म्हणून त्यांना नाव दिले ‘पेंग्विन’. पुढे युद्ध सुरू झाले तेव्हा आकाशातले विमान आपले की शत्रूचे हे क्षणात ओळखण्याचे शिक्षण सैनिकांना देण्यासाठी याच प्रमाणाच्या प्रतिकृती वापरल्या गेल्या. जे प्रमाण मुलांच्या खेळातून आले ते लष्करात गेले आणि युद्ध संपल्यावर पुन्हा मुलांच्या हाती आले. निकोलस कोव्ह या हंगेरीतून आलेल्या निर्वासिताने १९३९ साली इंग्लंडमध्ये स्थापन केलेल्या ‘एअरफिक्स’ने १९५०च्या दशकात काढलेले स्पिटफायर वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना मिळे. ‘ऑरोरा’ या अमेरिकी कंपनीच्या मोठ्या किटवरून ते लहान करून उतरवलेले होते आणि मूळ विमानाशी त्याचे साम्य बेताचेच होते. कॉपी करताना मूळ प्रतीतील चुकाही बरोबर येतात, हा अनुभव हस्तलिखितांच्या अभ्यासकांना नवा नाही.

हस्तलिखितांची आठवण येथे उगाच आलेली नाही. जुनी किट जमवणारा आणि जोडणारा माणूस पाठचिकित्सकासारखाच वागतो. पोलादाचा साचा हे त्याचे मूळ. त्या साच्यातून किती वेळा माल निघाला, साचा कधी दुरुस्त झाला, कधी झिजला, खोक्यावरचे चित्र कधी बदलले, हे तो आवृत्त्यांप्रमाणे लावून पाहतो. साचा झिजला की त्याच्या दोन अर्धांच्या फटीतून प्लास्टिक बाहेर येते आणि भागांच्या कडेला पातळ पापुद्रा राहतो. तो पापुद्रा पाहून जाणकार आवृत्ती उशिराची आहे हे ओळखतो. साच्यांचे प्रवासही विलक्षण आहेत. ‘फ्रॉग’चा कारभार १९७०च्या दशकात संपला तेव्हा तिचे बरेचसे साचे सोव्हिएत संघात गेले आणि तेथून ‘नोवो’ या नावाने किट बाहेर पडू लागली. जर्मन, जपानी, इटालियन विमानांचे साचे मात्र सोव्हिएत संघाने नाकारले. ते ‘रेव्हेल’कडे गेले. दोन कोटींहून अधिक माणसे गमावलेल्या देशाला मेसरश्मिटची खेळणी करावीशी वाटली नाहीत. एरवी प्लास्टिकला स्मृती नसते असे म्हणतात.

जोडणीचे कामही सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय त्या कंसाचे वजन कळत नाही. भाग चौकटीवरून पिरगाळून तोडायचे नसतात, धारदार पात्याने कापून कड घासायची असते. चिकटवायला जे द्रावण लागते ते डिंकासारखे मध्ये बसत नाही. ते पॉलिस्टायरीन विरघळवते आणि दोन कडा एकमेकींत मिसळून वाळतात. म्हणून एकदा चुकले की सोडवता येत नाही. जुन्या किटांत पंखांवर रिव्हेट उठावदार असतात; प्रमाणात मोजले तर खऱ्या विमानावर ते मुठीएवढे भरतील. काही जण ते घासून सपाट करतात. काही तसेच ठेवतात, कारण ते किटच्या काळाचे चिन्ह आहे. आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. अखेरीस राहतात ती चिन्हे आणि अक्षरे. ती कागदावर छापलेली असतात, पाण्यात भिजवली की पातळ पापुद्र्यासारखी सुटतात आणि विमानावर सरकवता येतात. चाळीस-पन्नास वर्षांनी हा पापुद्रा पिवळा पडतो. तो खिडकीच्या काचेवर चिकटवून काही आठवडे उन्हात ठेवला तर बराच पांढरा होतो. कधी मात्र पाण्यात टाकताच त्याचे तुकडे होतात आणि एका अक्षराचे जोडकाम संध्याकाळ खाते.

रोलां बार्थने १९५७च्या ‘मिथॉलॉजीज्‌’मध्ये खेळणी आणि प्लास्टिक या दोन्ही विषयांवर स्वतंत्र निबंध लिहिले. खेळणी मुलाला मोठ्यांचे जग, त्यात युद्धही आले, निमूट स्वीकारायला शिकवतात, ही त्याची तक्रार होती आणि ती किटांनाही लागू पडते. परंतु किट तयार मिळत नाही, ते वाचावे लागते, आणि वाचणारा कधीतरी कंसापाशी थांबू शकतो, एवढी जागा बार्थच्या विवेचनात राहते असे आम्हांस वाटते.

आता तो कंस. ब्रिटनच्या युद्धखर्चाला हैदराबादने दिलेल्या देणग्यांतून दोन स्क्वाड्रनना हे नाव मिळाले. क्र. १५२ ही ‘हैदराबाद’ स्क्वाड्रन आणि क्र. २५३ ही ‘हैदराबाद स्टेट’ स्क्वाड्रन. पहिलीकडे स्पिटफायर, दुसरीकडे हरिकेन. दोन्ही १९४०च्या ब्रिटनच्या हवाई लढाईत उतरल्या. १५२ डॉर्सेटमधील वॉर्मवेल येथून, पोर्टलंडच्या आरमारी तळाच्या रक्षणासाठी. १५२च्या अधिकृत चिन्हात निजामाचे शिरोभूषण आहे आणि बोधवाक्याचा अर्थ ‘विश्वासू दोस्त’ असा आहे. ही पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी मीर उस्मान अली खान यांना दिलेली पदवी. विमाननिर्मिती खात्याचा मंत्री लॉर्ड बीव्हरब्रूक याच्या काळात एका स्पिटफायरची देणगीसाठीची किंमत पाच हजार पौंड धरलेली होती. खरा खर्च याहून बराच जास्त होता. गावे, कारखाने, संस्थाने, वसाहती पैसे देत आणि आपले नाव विमानावर लिहून घेत. बाजारभाव न सांगता देणगीचा सोयीस्कर आकडा ठरवणे ही कल्पना आपल्याकडील देवस्थानांनाही अपरिचित नाही.

निजामाच्या राज्याचे चलन स्वतंत्र होते. हाली सिक्का त्याचे नाव. सुमारे ११६ हाली रुपयांना १०० कलदार म्हणजे ब्रिटिश रुपये पडत. राज्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार जमीनमहसूल होता. वसमतच्या काळ्या जमिनीतून निघालेला एखादा हाली रुपया कलदारात आणि कलदार पौंडात बदलून डॉर्सेटच्या आकाशात गेला, असे कोणत्याही एका रुपयाविषयी दाखवता येणार नाही. खजिन्यात सगळे पाणी एकत्र होते. पण खजिना कोणाच्या घामाने भरत होता याविषयी संदिग्धता नाही, आणि त्या राज्यात बहुसंख्य प्रजेची भाषा ना कचेरीत होती ना वरच्या शाळेत. वसमत तालुक्यातील कुरुंदा हे ज्यांचे मूळ गाव ते नरहर कुरुंदकर १९३२ साली जन्मले. वॉर्मवेलहून ती विमाने उडत होती तेव्हा ते आठ वर्षांचे होते. निजामी राजवटीच्या स्वरूपाचा पुढे त्यांनी जो विचार केला, त्यात या राजवटीचे ब्रिटिशांशी असलेले नाते हा एक मूलभूत धागा आहे. ‘विश्वासू दोस्त’ हे शब्द त्या धाग्याचे एक टोक, आणि ते एका लढाऊ स्क्वाड्रनच्या चिन्हावर कोरलेले आहे.

येथे एक बारकावा नोंदवावा. १९४०च्या किटमधील चिन्हांच्या पापुद्र्यावर १५२ची अक्षरे असतात: ‘यूएम’, मग वर्तुळ, मग त्या विमानाचे एक अक्षर. हैदराबाद हा शब्द तेथे नसतो. तो फक्त सूचनाकागदावर, कंसात. म्हणजे जोडून तयार झालेल्या विमानावरून तो नाहीसा होतो. ही स्क्वाड्रन पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली तेव्हा तिच्या स्पिटफायरवर वर्तुळातून झेपावणारा काळा पँथर रंगवला गेला. मॉडेल करणाऱ्यांमध्ये तो फार लोकप्रिय आहे. त्या आघाडीवर वर्तुळातला लाल ठिपका काढून टाकलेला असे, कारण जपानी विमानांवरील लाल गोळ्याशी गल्लत होऊन स्वतःच्याच लोकांकडून गोळ्या बसण्याचे भय होते. हे सर्व किट जोडणाऱ्या कोणत्याही दहावीतल्या मुलाला ठाऊक असते. शिरोभूषणाचे विचारा, तर गप्प.

पहिल्या महायुद्धात तसे नव्हते. १९१८ साली रॉयल एअर फोर्सच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला डीएच-९ए ही नवी विमाने मिळाली ती निजामाच्या देणगीतून. ही दोन माणसांची बॉम्बफेकी विमाने होती. फ्रान्समधील तळावरून जर्मनीतील शहरांवर दिवसाउजेडी हल्ले करणे हे त्यांचे काम होते, आणि त्यांची हानी जबर झाली. प्रत्येक विमानाच्या अंगावर ते निजामाची भेट असल्याचे लिहिलेले असे, अनुक्रमांकासह. त्यांतील एफ-१०१० या विमानावर ‘हैदराबाद क्र. १२ए’ असे होते. कॅप्टन अँड्र्यू इंग्लिस आणि सेकंड लेफ्टनंट विल्यम बॉडली हे त्याचे वैमानिक व निरीक्षक. ५ ऑक्टोबर १९१८ रोजी ते शत्रूच्या प्रदेशात उतरले आणि कैद झाले. कॅन्व्हासवरची ती अक्षरे शाबूत राहिली. या विमानाची प्रतिकृती करायची तर ती अक्षरे बसवावीच लागतात. त्यांच्याविना ते विमान ते राहत नाही. वीस-बावीस वर्षांत आमच्या प्रांताचे नाव विमानाच्या अंगावरून कागदावरच्या कंसात गेले, हा प्रवास आम्हांस लक्षणीय वाटतो. संस्थानिकांच्या देणग्यांची सवय झाली की नाव ठळक लिहिण्याची गरज उरत नसावी.

१९४८ साली या गोष्टीला एक वळण मिळाले आणि त्यात किट जोडणाऱ्यांच्या ओळखीचा एक माणूस आहे. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन. १९३९ साली स्पिटफायरमधल्या बंदुका काढून तेथे कॅमेरे बसवण्याची आणि शत्रूच्या मुलखाची उंचावरून छायाचित्रे घेण्याची कल्पना त्याने ब्रिटिशांच्या गळी उतरवली. ही विमाने आकाशात दिसू नयेत म्हणून त्याने फिकट हिरवट छटेचा ‘कॅमोटिंट’ हा रंग तयार करवला. ती नेमकी छटा कशी मिसळावी यावर मॉडेलकार आजही भांडतात. हाच कॉटन १९४८ साली लँकॅस्ट्रियन विमानांतून कराचीहून बीदर आणि वरंगळला शस्त्रे उतरवत होता, निजामासाठी. लँकॅस्ट्रियन म्हणजे लँकॅस्टर या बॉम्बफेकी विमानाचेच मालवाहू रूप. मराठवाड्यातील गावे त्या वेळी रझाकारांच्या दहशतीत होती. रात्री जाणारी ही विमाने काय वाहून आणतात याची कुजबुज सर्वदूर होती.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद राज्यात शिरले. भारतीय वायुसेनेच्या टेम्पेस्ट विमानांनी राज्यातील विमानतळांवर हल्ले केले आणि कॉटनचा मार्ग बंद झाला. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. टेम्पेस्ट हे हॉकर कंपनीचे विमान, सिडनी कॅम या अभियंत्याच्या हातचे. निजामाच्या नावाची २५३ स्क्वाड्रन ज्यावर लढली ते हरिकेनही त्याच कंपनीचे आणि त्याच अभियंत्याचे. आठ वर्षांपूर्वी ‘हैदराबाद स्टेट’च्या पैशाने लंडनचे आकाश राखणाऱ्या विमानाचा धाकटा भाऊ हैदराबाद स्टेटच्या धावपट्ट्यांवर आला होता. टेम्पेस्टची किट अनेक कंपन्यांनी काढली. त्यांच्या सूचनाकागदांवर जर्मन उडत्या बॉम्बांचा पाठलाग बहुधा असतोच. बीदर मात्र आमच्या पाहण्यात आलेले नाही. ज्याला सप्टेंबर १९४८चे टेम्पेस्ट करायचे असेल त्याने ते छायाचित्रांवरून आणि स्वतःच्या रंगाने करावे.

हैदराबाद क्र. १२एचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. जर्मनांनी ते विजयचिन्ह म्हणून बर्लिनच्या विमानसंग्रहालयात ठेवले. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा तेथील संग्रहातील बरीच विमाने पूर्वेकडे हलवली गेली आणि युद्ध संपले तेव्हा ती पोलंडमध्ये सापडली. बारा-एचे तेथे क्राकोच्या संग्रहालयात दीर्घकाळ वास्तव्य होते. १९७७ साली ब्रिटनने ते परत मिळवले आणि आता ते लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात आहे. मॉडेलकार त्याच्या पंखांची आणि अक्षरांची मापे घ्यायला तेथे जातात. क्राकोला त्याच्या मोबदल्यात एक विमान द्यावे लागले. ते स्पिटफायर होते.